हॉट कोकोचे कोरडे मिश्रण: गोव्याच्या दमट हवेत ते कसे करावे आणि कसे टिकवावे

हॉट कोकोचे मिश्रण घरी करणे हे पाककृती म्हणून अगदी सोपे काम आहे. कोको पावडर, साखर आणि दूध पावडर ठरावीक प्रमाणात एकत्र करून चाळली की मिश्रण तयार होते. गोव्यात राहणाऱ्यांची खरी अडचण त्यानंतर सुरू होते. कोरड्या हवेच्या गावी दोन-तीन महिने भुरभुरीत राहणारी हीच पूड पणजीला किंवा वाळपईला पावसाळ्यात ठेवली, तर थोड्याच दिवसांत बरणीच्या तळाशी विटेसारखी घट्ट बसते आणि ती चमच्याने खणून काढावी लागते. त्यामुळे पुढील मजकुरात प्रमाणाइतकेच, किंबहुना त्याहून जरा अधिक, लक्ष ओलाव्याकडे दिले आहे. कोणती साखर घ्यावी, दूध पावडर घालावी की नाही, कोणत्या महिन्यात किती मिश्रण करावे आणि ते कशात भरावे, हे सगळे आपल्याकडे हवाच ठरवते.

विकतचे ड्रिंकिंग चॉकलेट असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर डब्याच्या मागच्या बाजूला छापलेले असते. आपल्याकडील नियमानुसार घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते आणि ड्रिंकिंग चॉकलेटच्या बहुतेक डब्यांवर पहिले नाव साखरेचे असते. म्हणजे आपण कोकोच्या नावाने बरीचशी साखरच विकत घेतो. घरच्या मिश्रणात कोकोचे प्रमाण आपल्या हातात राहते, आणि माझ्या मते हे एकच कारण पुरेसे आहे.

कोको पावडर पारखताना

कोकोच्या बियांच्या गरात निम्म्याच्या आसपास वजन स्निग्धांशाचे असते. हॉलंडमधील व्हॅन हौटेन कुटुंबाने १८२८ मध्ये पेटंट घेतलेल्या दाबयंत्रामुळे त्यातील बराचसा स्निग्धांश, म्हणजे कोको बटर, पिळून काढणे शक्य झाले. उरलेली पेंड दळली की कोको पावडर तयार होते. दाबल्यानंतरही पावडरीत काही स्निग्धांश राहतोच. बाजारातील साध्या पावडरीत तो साधारण १० ते १२ टक्के असतो, तर अधिक समृद्ध चवीच्या पावडरीत २० टक्क्यांच्या वर जातो. हा तपशील केवळ माहितीसाठी दिलेला नाही. पावडरीच्या कणांवरील याच स्निग्ध थरामुळे कोको थेट पाण्यात टाकला तर तरंगतो आणि त्याच्या गुठळ्या होतात. कप तयार करताना आधी थोड्या पाण्यात लगदा करण्याची जी पद्धत पुढे सांगितली आहे, तिचे कारण हेच आहे.

पावडर दोन प्रकारची मिळते. एक नैसर्गिक, जिचा रंग फिकट तांबूस असून चवीत किंचित आंबटपणा असतो. आणि दुसरी डच पद्धतीची, जिच्यावर अल्कलीची प्रक्रिया करून तो आंबटपणा काढून टाकलेला असतो. दुसरीचा रंग गडद असतो, चव सौम्य असते आणि ती द्रवात तुलनेने सहज मिसळते. पाकिटावर 'डच' हा शब्द नसला तरी घटकांच्या यादीत ॲसिडिटी रेग्युलेटर आणि त्यापुढे ५०० किंवा ५०१ असा आकडा दिसला, तर ती प्रक्रिया केलेली पावडर समजावी. केकच्या काही पाककृतींत बेकिंग सोड्याला उठाव देण्यासाठी नैसर्गिक पावडरीचा आंबटपणा आवश्यक असतो. पेयाला तशी गरज नसते, म्हणून हॉट कोकोसाठी डच पद्धतीची पावडर घ्यावी, असे माझे मत आहे. ज्यांना किंचित आंबट, फळासारखी चव आवडते त्यांनी नैसर्गिक पावडर वापरायला हरकत नाही; मात्र तिच्यासोबत साखर थोडी अधिक लागते.

पणजी, म्हापसा आणि मडगाव येथे बेकिंगचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत दोन्ही प्रकार मिळतात. नाताळच्या आधीच्या महिन्यात केकसाठी मागणी असल्यामुळे माल लवकर खपतो आणि ताजे पाकीट हाती येण्याची शक्यता वाढते. शेजारच्या कर्नाटकात, दक्षिण कन्नड जिल्ह्यातील पुत्तूर येथे कॅम्प्को या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून चालू आहे. तिकडे सुपारीच्या बागांत कोकोचे आंतरपीक घेतात, म्हणजे आपल्या कुळागरांसारख्याच सावलीत हे झाड वाढते. पावडर देशी असो वा परदेशी, सुटी मात्र घेऊ नये. वारंवार उघडल्या जाणाऱ्या पोत्यातील किंवा डब्यातील कोकोने दमटपणा आधीच ओढलेला असतो, शिवाय शेजारच्या मसाल्यांचे वासही त्यात उतरतात.

साखर, दूध पावडर आणि मीठ

मिश्रणात दाणेदार साखर घालू नये. कारण चवीचे नसून कणांच्या आकाराचे आहे. मोठे दाणे आणि बारीक पूड एकत्र ठेवली आणि बरणी रोज हलत राहिली, की बारीक पूड खाली सरकते आणि दाणे वर येतात. मग पहिले काही कप गोडमिट्ट होतात आणि शेवटचे कडू. म्हणून साखर दळूनच घ्यावी.

ती घरी दळावी की विकतची पिठीसाखर आणावी, हे ऋतूवर ठेवावे. डिसेंबर ते मार्च या काळात घरी दळलेली साखर उत्तम. पावसाळ्यात मात्र विकतच्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडा स्टार्च घातलेला असतो आणि तो आपल्या उपयोगी पडतो. साखरेच्या दाण्याभोवतालची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली, की तो हवेतील पाणी ओढून पाझरू लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडची हवा सहज त्या मर्यादेला पोहोचते, अनेकदा ती ओलांडतेही. दळलेल्या साखरेचा पृष्ठभाग कितीतरी वाढलेला असल्यामुळे ती दाणेदार साखरेपेक्षा लवकर चिकट होते.

दूध पावडर याबाबतीत साखरेहून नाजूक असते. तिच्यातील दुग्धशर्करा अशा स्वरूपात असते, की ती बऱ्याच कमी आर्द्रतेतही ओलावा शोषून घेते. मग तिचे कण एकमेकांना चिकटतात आणि मिश्रण दगडासारखे होण्यास सुरुवात होते. मलईयुक्त दूध पावडरीने पेयाला दाटपणा आणि चव येते, पण तिच्यातील स्निग्धांश कालांतराने खवट होतो. साय काढलेल्या दुधाची पावडर अधिक टिकते, मात्र तिचा कोको पातळ आणि जरा पोकळ लागतो. वाण्याकडे दूध पावडर मागितली की अनेकदा हातात डेअरी व्हाइटनर ठेवले जाते. ते चहासाठी केलेले असते आणि त्यात साखर मिसळलेली असते. घरात तेच असेल तर वापरता येईल, परंतु पाकिटावर वरून घातलेल्या साखरेचा जो आकडा दिलेला असेल, तेवढी साखर मिश्रणातून कमी करावी.

या सगळ्याचा विचार करता माझा सल्ला असा, की ज्या घरात रोज सकाळी दुधाची पिशवी येते, तिथे जून ते सप्टेंबर या काळात दूध पावडर मिश्रणात घालूच नये. केवळ कोको, साखर आणि मीठ यांचे मिश्रण करावे आणि ते ताज्या दुधात उकळून घ्यावे. असे मिश्रण अधिक टिकते, आणि चवीच्या बाबतीतही ताज्या दुधाची बरोबरी पावडर करू शकत नाही. दूध पावडरीचे मिश्रण उपयोगी पडते ते प्रवासात, कार्यालयात, वसतिगृहात किंवा केवळ किटली उपलब्ध असेल अशा ठिकाणी.

मीठ चिमूटभरच लागते, पण ते टाळू नये, कारण त्याने कोकोचा कडवटपणा सौम्य होतो. मात्र आगरातले जाडे मीठ या कामी वापरू नये. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असल्यामुळे ते पावसाळ्यात स्वतःच पाझरते आणि भोवतालची पूड ओली करते. दुसरे मीठ घरात नसेल, तर जाडे मीठ कढईत कोरडे भाजून, निववून, बारीक करून मगच घालावे.

प्रमाण

पाण्यात कालवण्याच्या मिश्रणासाठी १०० ग्रॅम कोको पावडर, १५० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम मलईयुक्त दूध पावडर आणि अर्धा छोटा चमचा बारीक मीठ घ्यावे. पेय दाट हवे असेल आणि ते गॅसवर उकळून घेण्याची तयारी असेल, तर १५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर त्यात मिसळावे. एवढ्या साहित्याचे साधारण साडेचारशे ग्रॅम मिश्रण होते, ते एक लिटरच्या बरणीत बसते आणि त्यात अकरा-बारा कप होतात.

दुधात उकळण्याच्या मिश्रणासाठी १०० ग्रॅम कोकोला १५० ग्रॅम पिठीसाखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ एवढेच पुरेसे आहे. त्यात दहा कप होतात. दोन्ही प्रकारांत साखर मध्यम ठेवली आहे. कोकोचा कडवटपणा आवडणाऱ्यांनी ती १२० ग्रॅमपर्यंत खाली आणावी. लहान मुलांसाठी थोडी वाढवावी लागेल, पण कोकोच्या दुपटीपलीकडे गेल्यास विकतच्या डब्यात आणि आपल्या बरणीत फारसा फरक उरत नाही.

शक्य असेल तर वजनकाटा वापरावा. वाटीने मोजताना कोको पावडर दाबून भरली की मोकळी, यावर तिचे वजन बरेच बदलते आणि दर वेळी वेगळी चव येते.

मिश्रण करण्याची कृती

दिवस निवडण्यापासून सुरुवात करावी. पावसाची झड लागलेली असताना, खिडक्या उघड्या ठेवून आणि शेजारी भाताचे पातेले रटरटत असताना हे काम काढू नये. स्वच्छ ऊन पडलेल्या दिवशी, दुपारी, स्वयंपाक आवरल्यानंतर ते करावे. पावसाळ्यात करणे भागच असेल आणि घरात वातानुकूलित खोली असेल, तर परात, चाळण आणि सर्व साहित्य तिथे नेऊन करावे, कारण वातानुकूलन यंत्र हवेतील पाणीही काढून घेते. हे थोडे विचित्र दिसते खरे, पण परिणाम चांगला मिळतो.

मिक्सरचे भांडे, चाळण, परात, चमचे आणि बरणी हे सारे आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळवलेले असावे. मिक्सरच्या पात्याखाली आणि झाकणाच्या रबरात पाणी साचून राहते, तिकडे विशेष लक्ष द्यावे. बरणी उन्हात ठेवून तापवून घ्यावी आणि थंड होईपर्यंत झाकू नये. गरम बरणीला झाकण लावल्यास आत दव धरते.

प्रथम साखर, मीठ आणि मसाला घालायचा असल्यास तो, हे एकत्र दळावे. जायफळासारख्या तेलकट मसाल्याची पूड स्वतंत्रपणे केली तर ती मिक्सरच्या भिंतीला चिकटते, परंतु साखरेसोबत दळल्यास साखर ते तेल शोषून घेते आणि सुगंध मिश्रणभर सारखा पसरतो. मिक्सर सलग न चालवता थांबून थांबून फिरवावा, म्हणजे साखर तापत नाही. झाकण लगेच उघडू नये, नाहीतर बारीक पूड हवेत उडते.

त्यानंतर मैद्याच्या चाळणीतून कोको, दळलेली साखर, दूध पावडर आणि कॉर्नफ्लोअर थोडे थोडे, आलटून पालटून परातीत चाळावे. कोकोतील गुठळ्या चमच्याच्या पाठीने चाळणीवर मोडाव्यात. सगळे चाळून झाल्यावर कोरड्या रुंद चमच्याने खालून वर असे हलवून पुन्हा एकदा चाळावे. हे दुसरे चाळणे अनेकजण गाळतात, पण खरे मिसळणे त्यातच होते. रंग सर्वत्र सारखा दिसेपर्यंत, पांढरी रेघ कुठेही उरणार नाही इतके ते नीट करावे. लगेच बरणीत भरून झाकण घट्ट लावावे.

मसाले आणि इतर भर

फोंडा तालुक्यातील सावईवेरे, केरी या भागांतल्या कुळागरांत जायफळ, दालचिनी, मिरी, वेलदोडा हे सारे पिकते, तेव्हा बाहेरचा मसाला शोधण्याची आपल्याला गरज नाही. जायफळ कवचीसकट मिळाले तर तेच घ्यावे. कवचीच्या आत त्याचा सुगंध अधिक काळ टिकतो. वरील प्रमाणाला पाव छोटा चमचा जायफळ पूड पुरते. जायफळ जास्त झाले तर चव औषधी होते आणि ते प्रकृतीलाही चांगले नाही, म्हणून इथे हात आखडताच ठेवावा. दालचिनी अर्ध्या ते एका छोट्या चमच्यापर्यंत चालते. मिरीची चिमूट प्रौढांच्या कपात मजा आणते. वेलदोडा मला कोकोसोबत फारसा पटत नाही. त्याने पेयाला मसाला दुधाची कळा येते आणि कोको मागे पडतो. ज्यांना ती चव आवडते त्यांनी तो अवश्य घालावा.

व्हॅनिला हवा असेल तर द्रवरूप इसेन्स मिश्रणात टाकू नये. त्याऐवजी व्हॅनिलाची सुकी शेंग साखरेच्या डब्यात आठ-दहा दिवस पुरून ठेवावी आणि ती सुवासिक साखर दळावी.

काही गोष्टी मिश्रणात घालण्याचा मोह होतो, परंतु त्या कपातच घालणे योग्य. इन्स्टंट कॉफी ही त्यांपैकी पहिली, कारण तिच्याइतका ओलावा ओढणारा पदार्थ स्वयंपाकघरात क्वचितच असेल. किसलेले चॉकलेट ही दुसरी: कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत बंद बरणीतही किस मऊ पडून गोळे होतात. गूळ ही तिसरी. माडाच्या गुळाची आणि कोकोची जोडी अप्रतिम जमते, पण तो बरणीत गेला की पाणी धरतो. गूळ किसून कपासाठी वेगळा ठेवावा आणि दूध उतरवून थोडे निवल्यावर घालावा. उकळत्या दुधात घातल्यास दूध फाटण्याची भीती असते.

दूध न घेणाऱ्यांसाठी नारळाचा पर्याय आपल्याकडे सहज आहे. कोको-साखरेचे मिश्रण पातळ रसात कालवून गरम करावे आणि शेवटी दाट रस घालून उकळी न आणता उतरवावे. उकळल्यास रस फुटतो. बाजारात नारळाच्या दुधाची पावडरही मिळते, परंतु तिच्या अनेक प्रकारांत केसिनेट हे दुधातील प्रथिन मिसळलेले असते. दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी घटकांची यादी वाचल्याशिवाय ती घेऊ नये.

मधुमेह असलेल्यांसाठी साखर वगळून मिश्रण करता येते, पण दूध पावडरीतही दुग्धशर्करा असते आणि मलईयुक्त पावडरीच्या वजनात तिचा वाटा ३८ टक्क्यांच्या आसपास असतो, हे ध्यानात ठेवून कपाचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्याने ठरवावे. मुलांना रात्री कोको द्यावा का, असे काही पालक विचारतात. कोकोत कॅफीन असते, मात्र थोडे. वरील प्रमाणाच्या एका कपात ते साधारण २० मिलिग्रॅम येते, कॉफीच्या कपातील प्रमाणापेक्षा बरेच कमी. झोप हलकी असलेल्या मुलाला तो संध्याकाळीच दिलेला बरा.

साठवण

मे महिन्यात पुरुमेंताची बेगमी करताना मिरच्या, भिरंडाची सोले, सुके मासे पावसाळाभर पुरतील इतके भरून ठेवण्याची आपली रीत आहे. कोकोच्या मिश्रणाला ती लागू करू नये. बेगमी करायचीच असेल, तर कोको पावडर आणि दूध पावडर यांची कंपनीने सीलबंद केलेली पाकिटे आणून ठेवावीत आणि मिश्रण दोन-तीन आठवड्यांपुरतेच करावे. न फोडलेल्या पाकिटात ओलावा शिरत नाही. मिश्रण केले की मात्र त्याचे दिवस मोजायला लागतात. डिसेंबर ते मार्च या काळात केलेले मिश्रण दोन महिने सहज चांगले राहते.

एका मोठ्या बरणीपेक्षा तीन-चार लहान बरण्या केव्हाही चांगल्या. मोठी बरणी रोज उघडली की दर वेळी आतली कोरडी हवा जाऊन बाहेरची दमट हवा आत येते, आणि बरणी जसजशी रिकामी होते तसतशी या हवेला जागाही वाढते. लहान बरण्यांपैकी एकच वापरात राहते, बाकीच्या बंद असतात. काचेची, रबरी कडे असलेल्या झाकणाची बरणी सर्वांत खात्रीची. पातळ प्लास्टिकच्या डब्यांची झाकणे वरून घट्ट वाटली तरी त्यांच्या फटीतून दमट हवा आत जाते, शिवाय त्या वाटेने मुंग्याही पोहोचतात. खाद्यपदार्थांसाठी म्हणून विकली जाणारी सिलिका जेलची छोटी पुडी झाकणाच्या आतून चिकटवावी. कापडात बांधलेले तांदूळ ठेवण्याची जुनी युक्ती मिठासाठी ठीक आहे. दूध पावडरीच्या मिश्रणाला ती पुरी पडत नाही.

शीतकपाटात ठेवावे की नाही, याबाबत मते वेगवेगळी आहेत. न उघडलेल्या बरणीला शीतकपाट मानवते आणि खवटपणाही लांबतो. रोजच्या वापरातील बरणी मात्र तिथे ठेवू नये. थंड बरणी दमट स्वयंपाकघरात उघडली की पुडीच्या थंड पृष्ठभागावर हवेतील पाणी धरते आणि ज्या ओलाव्यापासून वाचवायचे तोच आपण आत घालतो. शीतकपाटातून काढलेली बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे निदान दोन तास, झाकण न काढता बाहेर ठेवावी आणि नंतर परत आत ठेवू नये.

चमचा पूर्ण कोरडा असावा, आणि तो वाफाळत्या पातेल्यावर धरून मग बरणीत घालू नये. हा नियम सर्वांना माहीत असतो, तरी बहुतेक बरण्या त्याच्याच उल्लंघनाने बिघडतात. बरणी चुलीजवळच्या फळीवरून हलवून वाफेपासून दूर, अंधाऱ्या कपाटात ठेवली तर निम्मे काम झाले.

कप कसा करावा

पाण्याच्या मिश्रणासाठी एका कपाला ४० ग्रॅम, म्हणजे सपाट पाच मोठे चमचे मिश्रण आणि १८० मिलिलिटर पाणी घ्यावे. कपात मिश्रण घालून त्यात आधी केवळ दोन-तीन मोठे चमचे कोमट पाणी घालावे आणि चमच्याने घोटून गुळगुळीत लगदा करावा. उकळते पाणी एकदम ओतल्यास गुठळ्यांच्या बाहेरील थर ओला होऊन आतली पूड कोरडीच अडकते आणि कितीही ढवळले तरी ती सुटत नाही. लगदा चकचकीत दिसू लागला की गरम पाणी बारीक धारेने घालत ढवळावे. कॉर्नफ्लोअर घातलेले मिश्रण असेल तर ते कपात करू नये. स्टार्च फुगण्यासाठी त्याला नीट उष्णता लागते, म्हणून पातेल्यात मंद आचेवर एक-दोन मिनिटे उकळावे. तसे न केल्यास जिभेवर कच्च्या पिठाची चव राहते.

दुधाच्या मिश्रणासाठी २०० मिलिलिटर दुधाला २५ ग्रॅम मिश्रण लागते. लगदा थोड्या दुधातच करावा, बाकीचे दूध पातेल्यात तापवून त्यात तो सोडावा आणि एक उकळी येऊ द्यावी. नंतर आच बंद करून रवीने अर्धा मिनिट घुसळावे. रवी घरोघर असते आणि या कामासाठी वेगळे विजेचे उपकरण आणण्याची काहीच गरज नाही. घुसळल्याने फेस येतो, कोको तळाशी बसण्याचा वेग कमी होतो आणि वर साय धरत नाही. तरीही थोडा कोको तळाशी बसणारच, कारण तो विरघळत नाही, केवळ तरंगत राहतो. शेवटच्या घोटाआधी कप एकदा हलवावा.

चवथीला घुमट आरत्या रात्री उशिरापर्यंत रंगतात आणि तेव्हा पंचवीस माणसांना काही गरम द्यायचे असेल, तर एक किलो मिश्रण आणि साडेचार लिटर पाणी असा हिशेब धरावा. सगळ्या मिश्रणाचा लगदा मोठ्या वाडग्यात एक लिटर कोमट पाण्यात आधीच करून ठेवता येतो, मात्र तो तासाभरात वापरावा. उरलेले साडेतीन लिटर पाणी जाड बुडाच्या टोपात उकळून, आच मंद करून, लगदा ओतावा आणि लाकडी डावाने तळ खरवडत ढवळत राहावे. दूध पावडर आणि साखर बुडाला लागण्यास वेळ लागत नाही, आणि एकदा लागले की जळका वास साऱ्या टोपाला येतो. साठ-सत्तर कप करायचे असतील तर दोन टोपांत वेगवेगळे करावे.

बिघाड ओळखणे आणि भेट देणे

बरणीतील गुठळी बोटांनी दाबून पाहावी. ती कोरडी असून सहज फुटत असेल, तर मिश्रण चाळून लवकर संपवावे. ती चिकट असेल, दाबल्यावर बोटाला लागत असेल, तर ओलावा आत गेला आहे. मिश्रण उन्हात वाळवून वाचवण्याचा प्रयत्न करू नये, कारण दूध पावडर पूर्ववत होत नाही. खवट, जुन्या तुपासारखा वास, बुरशीचा ठिपका किंवा किडे यांपैकी काहीही आढळले तर सर्व मिश्रण टाकून द्यावे. कोकोवर दिसणारी फिकट छटा ही बुरशी आहे की नीट न मिसळलेली दूध पावडर, अशी शंका आल्यास वास घ्यावा. बुरशीचा कुबट वास लपत नाही.

नाताळात शेजारून नेवऱ्या, दोदोल, बेबिंका यांचे ताट आले, तर परतभेट म्हणून या मिश्रणाची लहान बरणी शोभून दिसते. अलीकडे कोको, साखर आणि दूध पावडर यांचे थर बरणीत एकावर एक रचून भेट देण्याची टूम निघाली आहे. दिसायला ती सुंदर असते, पण घेणाऱ्याने सगळे परातीत काढून चाळले नाही, तर एका कपात नुसती साखर आणि दुसऱ्यात नुसता कोको जातो. त्यापेक्षा मिसळलेलेच मिश्रण द्यावे आणि बरणीवर चिठ्ठी लावावी. त्या चिठ्ठीवर मिश्रण केल्याची तारीख, दूध पावडर आहे की नाही, एका कपाला किती चमचे आणि किती पाणी किंवा दूध, आधी लगदा करण्याची सूचना, आणि दूध पावडरीचे असल्यास फेब्रुवारीअखेर संपवावे, एवढे लिहिणे पुरे.